भूक लागली की खाईल, हे इथे लागू नाही

मूल जेवत नसेल तर आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. पहिला, 'लाड बंद करा, भूक लागली की मुकाट्यानं येईल ताटावर.' दुसरा, 'वयात आलीये, मागे लागू नका, आपोआप खायला लागेल.' एरवी दोन्ही सल्ले चालून जातात, कारण एरवी मुलं भूक लागल्यावर खरंच खातात. पण ज्या मुलीला किंवा मुलाला ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे खाणं टाळत स्वतःला उपाशी ठेवण्याचा मानसिक आजार, झालाय, त्याच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले घातक ठरतात. मानसिक आजारांमध्ये मृत्यूचं प्रमाण ज्या मोजक्या आजारांत सर्वाधिक असतं, त्यांत याचा क्रमांक फार वरचा आहे. हृदय थकतं, रक्तातले क्षार बिघडतात, आणि काही मुलं स्वतःचा जीव घेतात. हा आजार बहुतेक वेळा ऐन किशोरवयात, म्हणजे मूल आपल्याच घरात, आपल्याच हातचं जेवत असताना सुरू होतो.

माझं म्हणणं असं आहे की अशा मुलाच्या ताटाचे सगळे निर्णय काही महिन्यांसाठी आई-वडिलांनी आपल्या हातात घ्यायला हवेत. काय वाढायचं, किती वाढायचं, किती वाजता, कोणासमोर बसून, हे मुलाला विचारायचं नाही. आणि हे काम आई-वडिलांना जमावं म्हणून डॉक्टरांनी, शाळेनं, नोकरी देणाऱ्यांनी आणि सरकारनं त्यांना आधार द्यायला हवा. आज आपल्याकडे यातलं काहीच धड होत नाही. पालकांना एकतर दोषी ठरवलं जातं, नाहीतर 'दबाव टाकू नका' असं सांगून ताटापासून लांब बसवलं जातं.

आधी भुकेविषयी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. लढायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनं त्यात उतरले होते. सहा महिने त्यांना नेहमीच्या जवळजवळ निम्मं अन्न दिलं गेलं आणि त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. मनानं धडधाकट असलेले हे पुरुष त्या काळात चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, घासाचे बारीक तुकडे करून ताटावर तासन्‌तास बसू लागले. अन्न परत मिळाल्यावरही ही लक्षणं लगेच गेली नाहीत. ज्या मुलीनं महिनोन्‌महिने पोटाला मारलंय, तिच्या वागण्यातल्या कितीतरी गोष्टी या तरुणांच्या वागण्याशी जुळतात. स्वतः खात नाही, पण घरच्यांसाठी केक करते, रेसिपीचे व्हिडिओ बघत बसते. याला आपण ढोंग म्हणतो. उपाशी मेंदू असाच वागतो, हे आपल्याला ठाऊक नसतं.

म्हणूनच 'आधी मनातलं कारण शोधा, मग खाणं आपोआप सुधारेल' हा क्रम मला मान्य नाही. कारण शोधायला जो मेंदू हवा, तोच उपाशी असतो. आधी अन्न, मग वजन, मग मनाशी बोलणं. मनाशी बोलायचंच नाही असं मी म्हणत नाही, पण त्याला वेळ आहे. शरीराला वेळ नसतो.

आणि कारणाचं म्हणाल तर त्याचा शोध बहुतेक वेळा आईपाशी येऊन थांबतो. ही खोड जुनी आहे. १८७० च्या दशकात लंडनच्या विल्यम गल यांनी या आजाराला आज प्रचलित असलेलं नाव दिलं, तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं की अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत नालायक. पुढची शंभर वर्षं मुलांना घरापासून तोडून उपचार करण्यात गेली. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबाला उपचारात आणलं आणि सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं, ही मोठी गोष्ट. पण काही कुटुंबांची घडणच असा आजार पोसते, ही त्यांची मांडणी होती, म्हणजे दोष पुन्हा घराकडेच. आज चित्र वेगळं आहे. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाइतकाच शरीराच्या चयापचयाशी दिसला. अमुक तऱ्हेच्या घरातच हा आजार होतो, असं आता कोणी जबाबदार तज्ज्ञ म्हणत नाही.

वळण आलं ते लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात. तिथल्या गटानं १९८७ मध्ये दाखवून दिलं की आजार १९ वर्षांच्या आत सुरू झाला असेल आणि तीन वर्षांपेक्षा जुना नसेल, तर एकट्या रुग्णाशी बोलण्यापेक्षा कुटुंबाला सोबत घेऊन केलेला उपचार जास्त लागू पडतो. त्यातूनच आजची कुटुंबाधारित उपचारपद्धती उभी राहिली. तिचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात खाण्याचा पूर्ण ताबा आई-वडिलांकडे. दुसऱ्यात, वजन भरून आल्यावर, तो हळूहळू मुलाकडे परत. तिसऱ्यात अभ्यास, मैत्री, स्वातंत्र्य अशा वयाच्या इतर गोष्टी. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या अभ्यासात उपचार संपल्यानंतर वर्षभरानं पाहिलं, तेव्हा या पद्धतीतली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती. ज्यांच्यावर एकेकट्यानं उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के होतं. म्हणजे या मार्गानंही निम्म्या मुलांना पूर्ण यश आलं नाही, हे मी लपवत नाही. पण याहून चांगला पुरावा असलेला मार्ग किशोरवयीन मुलांसाठी आज दुसरा नाही.

आता प्रत्यक्ष ताटावर काय घडतं ते बघू, कारण खरी कसोटी तिथे आहे. रात्रीचे साडेआठ. पंधरा वर्षांची मुलगी, आई, बाबा, धाकटा भाऊ. ताटात दोन पोळ्या, मटकीची उसळ, वरण-भात, भातावर तूप. ताट आईनं वाढलंय, मुलीनं नाही. मुलगी पोळीचे नखाएवढे तुकडे करते, उसळीतलं तेल चमच्यानं बाजूला सारते.

"आई, एवढं नाही जाणार मला. पोट गच्च झालंय."

"हो, गच्च वाटत असेल. तरी एवढं खायचंय. मी इथेच बसलेय."

"तुम्हाला मला जाडी करायचंय सगळ्यांना."

"पुढचा घास घे, बाळा."

मुलगी रडते, ताट ढकलते. आई ताट परत जवळ सरकवते. आवाज चढवत नाही, गयावया करत नाही, कॅलरींवर वाद घालत नाही. बाबा मधे पडून 'आज राहू दे' म्हणत नाहीत. ते धाकट्याला शाळेतल्या मॅचबद्दल विचारतात, म्हणजे टेबलावर आजाराशिवायही काहीतरी चालू राहतं. धाकट्याला ताईवर नजर ठेवायचं काम दिलेलं नाही, त्यानं फक्त भाऊ असायचं. पाऊण तास जातो. ताट रिकामं होतं. मग तासभर सगळे एकत्र बसतात, पत्ते खेळतात किंवा एखादी मालिका बघतात, कारण जेवल्यानंतरची भीती सर्वांत तीव्र असते आणि त्या वेळी तिला एकटं सोडायचं नसतं. असं दिवसाला पाच-सहा वेळा, तीन जेवणं आणि मधली खाणी धरून. असं कित्येक आठवडे.

या संवादात एक बारकावा आहे. पोट गच्च वाटतं असं मुलगी म्हणाली, तेव्हा आईनं ते खोटं ठरवलं नाही, आणि ते बरोबरच केलं. दीर्घ उपासमारीत जठरातून अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, थोडं खाल्लं तरी तुडुंब वाटतं. आपल्याकडे तर कित्येक मुली 'मला जाडी व्हायची भीती वाटते' असं कधी बोलतच नाहीत. 'घास उतरत नाही', 'गॅस होतो', 'मळमळतं' एवढंच सांगतात, आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी याची नोंद पूर्वीच केली आहे. त्यामुळे अशा मुली आधी पोटविकारतज्ज्ञाकडे पोचतात. सोनोग्राफी होते, दुर्बीण घालून तपासणी होते, टॉनिक मिळतं. पाळी बंद झाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेलं तर हार्मोनच्या गोळ्या मिळतात, त्यावर रक्तस्राव होतो आणि घरच्यांना वाटतं, झालं सगळं सुरळीत. आत हाडांची झीज चालूच असते. तूप टाकलेला भात हे तिचं औषध आहे, हे सांगायला कोणी उरत नाही. न्यूमोनिया झालेल्या मुलाला आपण 'औषध घेशील का रे?' असं विचारत नाही. तो रडला तरी देतो, आणि पुरा कोर्स देतो. ताटाचं तसंच आहे.

ही जबरदस्ती नाही का, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो हलका नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीरावर कोणाचा अधिकार? आपल्या घरांत मुलींच्या खाण्यावर, कपड्यांवर, येण्याजाण्यावर आधीच पुष्कळ पहारा असतो. त्यात आणखी एका पहाऱ्याची भर का घालायची? माझं उत्तर असं, की हात धरून, नाक दाबून भरवणं, मारणं, कोंडणं, धमकावणं याला या उपचारात कुठेही जागा नाही. जिथे हात उगारला जातो किंवा मुलाचं शोषण होतं, तिथे तर ही पद्धत वापरूच नये. इथे वापरायचं ते फक्त सातत्य: खाणं होईपर्यंत आम्ही उठणार नाही, आणि खाण्याच्या बदल्यात काही मागणार नाही. मुलीच्या इच्छेचा मान राखायचा, हे मलाही मान्य. पण 'मला नको' हे तिच्या तोंडून येतं तेव्हा त्यात तिचा आवाज किती आणि आजाराचा किती? बऱ्या झालेल्या कित्येक जणींनी नंतर सांगितलंय की, कोणीतरी 'खायचंच आहे' म्हटलं तेव्हा वरून भांडत होते, पण निर्णय माझ्या डोक्यावरून उतरला म्हणून आतून सुटल्यासारखं वाटलं. मुलगी वेगळी, आजार वेगळा, हे आई-वडिलांनी मनाशी पक्कं धरलं की तिच्या तोंडून येणारे विषारी शब्दही सोसता येतात.

आपल्या घरांतल्या काही सवयी मात्र या कामाच्या आड येतात, आणि त्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. उपवास ही पहिली. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. या आजारातल्या मुलाला उपवास म्हणजे न खाण्याचा असा परवाना, ज्यावर आजीसुद्धा कौतुकानं पाठ थोपटते. आजाऱ्याला आणि लहानाला उपवासातून सूट आपल्या परंपरेनंच दिली आहे. ती घ्यावी. आईचीही संकष्टी असेल तर तिनं या वर्षापुरता देवाला नमस्कार करून मुलीसोबत जेवावं, असं मी म्हणेन, कारण समोरचं ताट रिकामं असताना मुलीला भरलेलं ताट संपवायला सांगणं फार अवघड आहे. तेच हल्लीच्या 'दिवसातून दोनदाच खायचं' या व्रताचं. वडिलांनी वजनासाठी ते चालवलं असेल तर त्यांनी ते बंद ठेवावं, किंवा निदान मुलीच्या जेवणाच्या वेळा सोडून इतर वेळी सांभाळावं. पोळी मोजणं, वजनकाट्यावर उभं राहून उसासे टाकणं, 'मला काय, मी सूपच घेते' हे सगळं त्या घरातून काही काळ हद्दपार व्हायला हवं.

दुसरी सवय बोलण्याची. लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक नातेवाईक पहिलं वाक्य शरीरावर टाकतो. 'किती बारीक झालीस गं, छान दिसतेस!' हे आजार वाढवतं. आणि बरी होत असताना कोणी म्हणालं, 'आता कशी अंगानं भरलीस, तब्येत सुधारली,' तर आठवड्याभराची मेहनत एका वाक्यात पाण्यात जाते, कारण मुलीला त्यातून एकच ऐकू येतं: तू जाड झालीस. 'आईसाठी एक घास' किंवा 'लोकांना खायला मिळत नाही आणि तू…' हेही नको. अपराधी वाटणं या मुलांकडे आधीच उदंड असतं. शरीरावर बोलायचंच नाही, एवढा साधा नियम आजी-आजोबांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवावा. सांगताना वाईटपणा येतो, तो घ्यावा.

मुलगे या चित्रात दिसत नाहीत म्हणून सुटून जातात. जिमला जायला लागलेला, भात-पोळी सोडून फक्त उकडलेली अंडी आणि पावडर घेणारा, एक दिवस व्यायाम चुकला तर बेचैन होणारा मुलगा आपल्याला शिस्तीचा वाटतो. आणि आजारी असायला हाडांचा सापळा व्हावं लागतं असंही नाही. आधी जाड असलेल्या मुलानं झपाट्यानं वजन घटवलं तर ते अजून 'नॉर्मल' दिसतं, सगळे शाबासकी देतात, पण आतून त्याचं हृदय तितकंच धोक्यात असू शकतं.

घरच्या ताटाची एक मर्यादा आहे, तीही इथेच सांगायला हवी. चक्कर येऊन पडणं, दिवसा जागेपणी नाडीचे ठोके मिनिटाला पन्नासच्या खाली जाणं, अंग थंड पडणं, वारंवार उलट्या, खाणं-पिणं दोन्ही बंद होणं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर आधी रुग्णालय. फार खंगलेल्या किंवा कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं आणि जिवावर बेतू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत व्हायला हवी. आणि आई-वडिलांना स्वतःला मदत लागली तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

दिवसातून पाच-सहा वेळा, पाऊण-पाऊण तास, कोणी बसायचं? आज या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरात एकच निघतं: आईनं. स्वयंपाकही तीच करते, ताटही तीच वाढते, शिव्याही तीच खाते, आणि वर 'हिनंच नीट खायला घातलं नाही' हेही तीच ऐकते. ही पद्धत दोघांनी एका सुरात बोलण्यावर उभी आहे. एकजण ठाम आणि दुसरा मवाळ असेल, तर आजार बरोबर त्या फटीत शिरतो. रात्री नऊला घरी येणाऱ्या आणि 'तुमचं काय चाललंय ते मला सांगू नका' म्हणणाऱ्या वडिलांमुळे हा उपचार फसतो, हे थेट म्हटलं पाहिजे. निदान सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यांच्या वाट्याला यावं.

पण वडिलांना दोष देऊन भागणार नाही, कारण व्यवस्थाच त्यांना ताटावर बसू देत नाही. केंद्र सरकारी कर्मचारी स्त्रीला मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत बालसंगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा मिळू शकते. पुरुषाला ती मिळते फक्त तो एकटा पालक असेल तर. म्हणजे बायको हयात आणि सोबत असलेल्या बापानं आजारी लेकीला भरवायला घरी थांबावं, हे सरकारी नियमाच्या कल्पनेतच नाही. खासगी नोकरीत तर आई-बाप दोघांनाही मेहेरबानीवर अवलंबून राहावं लागतं. लहान दुकान चालवणाऱ्यांचं, रोजंदारीवर असणाऱ्यांचं काय, याचं उत्तर रजेच्या नियमांतही सापडणार नाही. तिथे शेजार, मावशी, आत्या, आजी यांनाच पाळ्या लावून घ्याव्या लागतील, आणि त्यांनाही तेच प्रशिक्षण द्यावं लागेल. विम्याचंही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शारीरिक आजाराच्या बरोबरीनं मानसिक आजाराला विमा देणं बंधनकारक केलं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि हा उपचार तर दाखल न होता, आठवड्याला एका भेटीनं, घरी चालतो. मुलगी कोसळून आयसीयूत गेली तर खर्च मिळतो, ती कोसळू नये म्हणून केलेल्या उपचाराचा मिळत नाही. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी पालकांच्या संघटित मागणीची गरज आहे.

शाळेकडून फार मोठं काही नको. डबा खाताना एखाद्या बाईंनी शेजारी बसावं, अर्धा डबा परत आला तर घरी निरोप द्यावा, पीटीचा तास डॉक्टर सांगतील तोवर माफ असावा, आणि वर्गासमोर रांगेत उभं करून वजनं मोजून मोठ्यानं आकडे वाचणं कायमचं थांबावं. किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात पोषण आहे, मानसिक आरोग्यही आहे. पण रक्तक्षय आणि कुपोषण शोधणाऱ्या नजरेला, ताट समोर असूनही न खाऊ शकणारं मूल ओळखता यावं, एवढं प्रशिक्षण त्यात सहज घालता येईल.

शेवटचा मुद्दा ताबा परत देण्याचा. आपल्याकडे तो फार घाईनं दिला जातो, कारण दहावी-बारावीची तारीख डोक्यावर असते. वजन भरलं, गालावर रंग आला की घर सुटकेचा निःश्वास टाकतं आणि मुलगी पुण्याला किंवा कोटाला होस्टेलवर रवाना होते. तिथे मेस, एकटेपणा आणि परीक्षेचा ताण, म्हणजे आजाराला परत यायला लागतं ते सगळं. आधी एक नाश्ता तिचा तिनं वाढून घ्यायचा, मग शाळेचा डबा, मग मैत्रिणींसोबत बाहेरचं एक जेवण, मग एक आठवडा मावशीकडे. वजन टिकलं तर पुढची पायरी, नाहीतर एक पायरी मागे. याला महिने लागतात. एवढ्या महिन्यांत प्रवेशाची तारीख निघून जात असेल तर ती जाऊ द्यावी, आणि कॉलेजांनी अशा मुलांची जागा डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षभर राखून ठेवावी.